कयाकवरून गरवायला जाताय? आधी परतीचा हिशेब करा

जेट्टीवरून दोन-तीन वर्षं गरवलं की समोरच्या कांदळवनाच्या कडेला उसळी मारणारा मासा खुणावायला लागतो. तिथवर गळ पोचत नाही. मग कयाक घरी येते, आणि पहिल्याच रविवारी तीच चूक होते. रॉड चार, खोटी आमिषं डबाभर, लाइफ जॅकेट सीटमागे बांधलेलं, आणि भरती किती वाजता याचा पत्ताच नाही.

माझंही असंच झालं होतं. डिसेंबरमधली सकाळ, कर्लीची खाडी, पाणी ताटासारखं सपाट. पाठीवर गार वारा होता आणि वल्हं मारावंच लागत नव्हतं. हे मला सुख वाटलं. वीस मिनिटांनी मान वर केली, तर ज्या माडाखालून निघालो होतो तो माड ओळखू येईना. ओहोटी आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, दोघं मिळून मला मुखाकडे नेत होते. वीस मिनिटांचं ते अंतर कापून परत यायला दीड तास लागला, आणि शेवटी हातातून वल्हं सुटायची वेळ आली होती.

म्हणून खालचा क्रम माशापासून नाही, परतीपासून सुरू होतो. तो उलटा करू नका. लेख कोकण आणि गोव्यातल्या खाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यावरही भरती-ओहोटी सोडून बाकी बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

टप्पा १: पाणी निवडा

पहिल्या पाच-सहा फेऱ्या खाडीच्या आतल्या, वळणामागच्या, अरुंद भागात करा. दोन्ही काठ दिसले पाहिजेत आणि त्यांतला निदान एक तरी उतरण्याजोगा हवा. ‘उतरण्याजोगा’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. लांबून हिरवीगार दिसणारी कड जवळ गेल्यावर गुडघाभर चिखल आणि तिवराची मुळं निघते. तिथे उतरलात तर पाय रुतून बसतो. ओहोटीच्या वेळी एकदा चालत काठाकाठाने जा आणि वाळू, खडक, चिखल कुठे आहे ते पाहून ठेवा. भरतीत सगळं सारखंच दिसतं.

या जागा पहिल्या वर्षी टाळा:

खाडीचं मुख. नदीचं पाणी आणि समुद्राची लाट तिथे समोरासमोर येतात. खाली वाळूचा दांडा असला की शांत दिवशीही अचानक लाट फुटते. देवबागचा संगम काठावरून कितीही देखणा दिसला, तरी नवख्याने कयाक घेऊन जायची ती जागा नाही.

डोलीचे खुंट. रायगड-मुंबईकडे प्रवाहात खुंट रोवून डोल जाळी लावतात. प्रवाह कयाकला आडवं करून खुंटावर दाबतो आणि एका बाजूने पाणी आत घुसतं. कधी असे सापडलातच, तर खुंटाच्या दिशेला अंग झुकवा. घाबरलेला माणूस उलट दिशेला झुकतो आणि तिथेच उलटतो.

मगरींचं पाणी. महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी आणि गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा इथे मगरी आहेत. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय नवीन खाडीत कयाक घालू नका. मासा दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवणं तर अशा ठिकाणी अजिबात नको.

फेरीबोटीचा आणि बार्जचा मार्ग. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीच्या वाटेवर किंवा मांडवी-जुवारीत बार्ज चालतात तिथे तुम्ही त्यांना दिसत नाही, असं धरूनच चला. ओलांडायचंच असेल तर मोठं जहाज जाऊ द्या आणि त्याच्या मागून जा. त्याची लाट तुमच्यापर्यंत पोचण्याआधी कयाकचं तोंड लाटेकडे फिरवा.

धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी विचारा. नंतर काठावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

टप्पा २: दिवस आणि वेळ ठरवा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा साधारण ताशी वेळ मिळतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती, म्हणून तोच आकडा सकाळी आणि संध्याकाळी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बऱ्यापैकी जुळतो. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी येते, आणि कुठल्याही खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा पोचते. त्यामुळे तिथीवरून दिवस निवडा, पण नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहूनच ठरवा.

आता दिवस कोणता? पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाण असतं, प्रवाह जोरात असतो. अष्टमीनंतर भांग येतो, पाणी कमी चढतं-उतरतं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, गोव्याकडे साधारण दोन मीटर. म्हणजे उत्तरेच्या खाड्यांत वेळेची चूक जास्त महाग पडते.

नवमी, दशमी, एकादशी हे दिवस नवख्यासाठी उत्तम. भांगाचं पाणी संथ, आणि पाऊणपटीच्या हिशेबाने पूर्ण भरती सकाळी पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान. महिन्यात दोन पक्ष, म्हणजे असे सहा दिवस मिळतात.

वेळेचा आराखडा असा ठेवा:

१. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पाण्यात उतरा.
२. उतरलात तिथून खाडीच्या आतल्या बाजूला जा, मुखाकडे नाही. काही बिघडलं तरी भरती तुम्हाला आतच ढकलेल, समुद्राकडे नाही.
३. पाणी थांबलं की मागे फिरा. भरती संपून ओहोटी लागेपर्यंत पाणी काही वेळ नुसतं उभं राहतं. पाण्यावरचं पान जागच्या जागी गोल फिरायला लागलं की समजा वेळ झाली.
४. ओहोटीच्या पहिल्या तासात काठावर या. त्या तासात प्रवाह मंद असतो आणि तो तुम्हाला घराकडेच आणतो.

ओहोटीचे सहा तास सारखे नसतात. एकूण उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. तिसऱ्या तासात तुम्ही अजून जागेवरून परतायचं ठरवत असाल, तर उशीर झालेला आहे. नवखा माणूस तासाला जेमतेम चार किलोमीटर वल्हवतो. अरुंद खाडीतला मधला प्रवाह त्याला सहज हरवतो.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. साधारण अकरा-बारानंतर खारा वारा समुद्राकडून सुटतो आणि दुपारी तीन-चारपर्यंत वाढत जातो. मार्च ते मे त्याचा जोर फार. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा काळ, आणि दहा वाजता तुम्ही काठावर असलं पाहिजे. ताशी पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त वाऱ्याचा अंदाज असेल तर नवख्याने जाऊ नये.

सावध: १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. कयाकला इंजिन नाही म्हणून आपल्याला चालतं, असा अर्थ काढू नका. नारळी पौर्णिमेआधी पिढीजात मच्छीमार ज्या पाण्याला हात लावत नाहीत, त्यात आपण उतरायचं नाही. पाऊस थांबल्यावरही काही आठवडे खाड्यांत वरून येणाऱ्या पाण्याची ओढ आणि वाहत येणारे ओंडके असतात.

तपासा: हवामान विभागाचा अंदाज आणि इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) लाटांचा इशारा, आदल्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा.

टप्पा ३: कयाक आणि अंगावरचं सामान

शिकताना वर बसायची, बंद पोटाची कयाक घ्या. ती उलटली तरी पाण्याने भरून बुडत नाही. रुंदी पाऊण मीटरच्या वर हवी. हवा भरायची कयाक खाडीत नको. खडकांना आणि खांबांना चिकटलेली कालवं तिला ब्लेडसारखी कापतात.

कंपनीने लिहिलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांशच वजन चढवा. तुम्ही ७५ किलो, सामान २० किलो, म्हणजे निदान १४३ किलो क्षमतेची कयाक. वजन काठोकाठ भरलं की कयाक खाली बसते आणि छोट्या लाटेलाही आडवी होते.

लाइफ जॅकेट अंगात. मांडीखाली नाही, सीटमागे नाही. पोहता येतं हे कारण चालणार नाही, कारण कपाळाला वल्हं लागून शुद्ध हरपली की पोहणं येत नाही. विकत घेताना पट्टे आवळा आणि दुसऱ्याला दोन्ही खांदे धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर तो साइझ तुमचा नाही. पाठीला फोम जाड असेल तर सीटला टेकता येत नाही, आणि मग माणूस तासाभरात जॅकेट काढून ठेवतो. म्हणून सीटवर बसूनच घालून बघा.

जॅकेटवर शिट्टी, आणि एका हाताने निघेल असा बोथट टोकाचा चाकू. मोबाइल पाण्यापासून वाचवणाऱ्या पिशवीत, पण जॅकेटच्या खिशात. डब्यात ठेवलेला मोबाइल कयाकबरोबर निघून जातो.

कपडे लवकर सुकणारे, पूर्ण बाह्यांचे. जीन्स नको. पायात कालवांपासून वाचवणारे, घोट्याला आवळलेले बूट. गमबूट नकोत. त्यांत पाणी भरलं की पाय मारता येत नाहीत. दोन लिटर पाणी, टोपी, थोडं खायला.

रॉड दोनच. पहिल्या फेरीला तर एकच.

टप्पा ४: उलटून परत चढायला शिका

हा टप्पा लोक सरसकट वगळतात. मी सांगून थकलो आहे, तरी पुन्हा सांगतो: ज्याला खोल पाण्यातून कयाकवर परत चढता येत नाही, त्याने रॉड घेऊन जाऊ नये. बस.

शांत तळ्यात किंवा भरती थांबलेल्या पाण्यात, जाणता सोबती बरोबर घेऊन, रॉड-डबे काठावर ठेवून, पाय टेकणार नाहीत इतक्या खोलीत:

१. मुद्दाम उलटा. वल्हं किंवा कयाक, एक तरी हातात राहू द्या.
२. कयाक पालथी असेल तर मध्यभागी जा, पलीकडची कड किंवा पट्टा धरा, गुडघे जवळच्या कडेला टेकवा आणि अंगाचं वजन मागे टाकत ती सुलटी करा.
३. सीटच्या समोर या. टोकाकडून चढायला जाऊ नका, टोक खाली जातं आणि कयाक फिरते.
४. दोन्ही हात पलीकडच्या कडेपर्यंत न्या. आता पाय मागे सरळ करून जोरात मारा, अंग पाण्याच्या पातळीवर आडवं येईपर्यंत.
५. तसंच पुढे सरका. पोट सीटवर आलं पाहिजे.
६. पालथे झोपलेलेच जरा श्वास घ्या. मग पाठीवर वळा, बैठक सीटमध्ये टेकवा, पाय सगळ्यात शेवटी आत घ्या.

नेहमीची चूक चौथ्या पायरीत होते. पाय कयाकच्या खाली जातात आणि माणूस हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढू पाहतो. दोन प्रयत्नांत दंड संपतात. ताकद पायांची लावायची, हातांनी फक्त दिशा द्यायची.

तपासा: लागोपाठ तीनदा, मदतीशिवाय. आणि एकदा थकलेले असताना. तिसऱ्यांदा जमलं नाही तर पुढचा रविवारही सरावाचा. वजन जास्त असेल किंवा खांदा दुखरा असेल तर पाय अडकवायला कडेला पट्ट्याचा फास बांधून ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

टप्पा ५: निघण्याआधी काठावर

घरी एका माणसाला लिहून पाठवा: कुठून उतरलो, कुठल्या बाजूला जाणार, कयाकचा रंग, किती वाजता परत. आणि हेही लिहा की त्या वेळेच्या एक तास पुढे गेलं तर कुणाला फोन करायचा. ११२ सर्व आपत्तींसाठी, १५५४ तटरक्षक दलाचा समुद्रातल्या बचावासाठी. ‘उशीर झाला तर बघ’ एवढं सांगणं पुरत नाही. घरचा माणूस वाट पाहत राहतो.

मग सामान मांडा. वजन मध्यभागी आणि खाली. पक्कड, चाकू, पाणी हे बसल्या जागी हाताला लागेल असं. रॉड, डबा, पक्कड सगळं दोरीने कयाकला बांधा. वल्ह्याची दोरीही कयाकलाच, स्वतःच्या मनगटाला कधीही नाही. लोंबकळणाऱ्या लांब दोऱ्या गुंडाळून टाका. उलटल्यावर त्याच पायात अडकतात.

कयाकचं मागचं बूच घट्ट आहे का ते बोटाने पिळून बघा. झाकणांच्या रबरात वाळूचा कण नाही ना, हेही पाहा. पोटात पाणी शिरलेली कयाक वरून ओळखू येत नाही. पाण्यावर दर अर्ध्या तासाने कंबर हलवून बघा. आतून डचमळ ऐकू आली किंवा कयाक सुस्त वाटली तर लगेच काठ गाठा.

सावध: काठावर कुणी जाळं विणत किंवा होडी लावत बसलं असेल तर दोन मिनिटं थांबा, बोला. त्या दीड तासाच्या दिवशी निघताना एका काकांनी मला हटकलं होतं, “खंय चललंस रे? सुकती लागली हा.” सुकती म्हणजे ओहोटी. मी हसून हात केला आणि निघालो.

टप्पा ६: पहिला अर्धा तास रॉड हातात घ्यायचा नाही

नुसतं वल्हवा. पन्नास मीटर जा, वल्हं मांडीवर ठेवा आणि एक मिनिट बसा. काठावरच्या दोन खुणा एकामागे एक धरा, समजा विजेचा खांब आणि त्यामागचा माड. दोन्ही एकमेकांपासून सरकायला लागल्या की कुठल्या बाजूला आणि किती वेगाने वाहताय ते कळतं. हे दर दहा मिनिटांनी करा. मासा लागायला लागला की हे विसरतं, म्हणून आधीच सवय लावा.

उभं राहू नका. मागची वस्तू घ्यायला पिळवटून वळू नका, पाय दोन्ही बाजूंना सोडून मग वळा. डोकं कयाकच्या कडेच्या बाहेर गेलं की तोल गेलाच. ओहोटीत उघडे पडणारे कालवांचे खडक भरतीत फूटभर पाण्याखाली असतात, तिथे पाण्यावर वेगळी सुरकुती दिसते. ती टाळा.

टप्पा ७: नांगर

पहिल्या पाच फेऱ्यांत नांगर नेऊच नका. नंतर नेलात तर दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. दोरी खोलीच्या निदान तिप्पट. बांधायची जागा फक्त कयाकचं पुढचं किंवा मागचं टोक. सीटजवळ कडेला बांधलेला नांगर प्रवाहात कयाक आडवी करतो, कड पाण्याखाली खेचतो आणि काही क्षणांत उलटवतो. हाताला टोक लागत नाही म्हणून लोक नेमकं हेच करतात. त्यासाठी पुढून मागे फिरणारी दोरीची कडी बसवून घ्या, म्हणजे बसल्या जागेवरून नांगर टोकाशी सरकवता येतो.

दोरीच्या शेवटी छोटा बोया लावा, गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. नांगर अडकला आणि प्रवाह वाढला, तर ओढत बसू नका. सोडा, नाहीतर कापा. ओहोटी जोरात असताना नांगर टाकूच नका.

टप्पा ८: मासा लागल्यावर

तांबोशी आणि गोबरा गळ लागताच मुळांत किंवा खडकात शिरतात आणि कयाकलाही तिकडे ओढतात. रॉडचं टोक पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे मासा कयाकला सरळ ओढेल. आडवी ओढ तोल घालवते. जिताडा, गोव्यातला चोणक, शेवटच्या क्षणी पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो. त्याला घाईने मांडीवर घ्यायला जाल तर गळ तुमच्या हातात शिरेल. जाळीत घ्या, जाळी पाण्यातच ठेवा, पकडीने गळ काढा, मग काय ते ठरवा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असेल तर माशाचंही आणि तुमचंही काम सोपं होतं.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा विषारी असतो. पाकट, म्हणजे वागळी, शेपटीचा काटा मारते. वागळी लागली तर तिला वर घेऊ नका, दोरा कापा. काटा लागलाच तर काठावर येऊन ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे हे चांगल्या हाताने पाहा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. दुखणं कमी झालं तरी डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो.

टप्पा ९: बिघडलं तर, आणि परत आल्यावर

उलटलात आणि दोनदा प्रयत्न करूनही चढता आलं नाही, तर कयाक सोडून पोहत काठाकडे निघू नका. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि पाण्यात डोकं दिसत नाही, कयाक दिसते. प्रवाह ज्या बाजूने येतो आहे त्या बाजूला राहून कयाक धरा, म्हणजे खांब आणि तुमच्यामध्ये कयाक असेल. तीन लांब शिट्ट्या, थांबा, पुन्हा तीन. मग फोन.

वारा अंगावर आला आणि पुढे सरकतच नसाल तर मधून झुंजू नका. काठाच्या आडोशाला, कांदळवनाच्या कडेकडेने जा, तिथे वारा आणि प्रवाह दोन्ही कमी असतात. तेही जमत नसेल तर जवळच्या उतरण्याजोग्या काठावर उतरा, कयाक ओढून वर घ्या आणि घरी फोन करून न्यायला बोलवा. कयाक दुसऱ्या दिवशी आणता येते.

काठावर आल्यावर आधी घरी कळवा. मग गोड्या पाण्याने कयाक धुवा, मागचं बूच काढून आतलं पाणी सांडा. किती निघालं ते बघा. कपभर असेल तर ठीक, बादलीभर असेल तर पुढच्या फेरीआधी भेग शोधावी लागेल. मासे त्यानंतर साफ करा.